पहिल्या शिट्टीचा फोटो

माझ्या आधार कार्डावरचा माणूस नुकताच झोपेतून उठवलेला दिसतो. वाहन परवान्यावरचा तर अजून उठायचाच आहे. लग्नाच्या अल्बममध्ये अंतरपाट दूर झाल्यावरचा एक फोटो आहे. त्यात बायको माझ्याकडे बघते आहे आणि मी हार हातात धरून, डोळे मिटून उभा. पाहुणे अल्बम चाळताना नेमके त्या पानावर थांबतात आणि म्हणतात, "जावईबापू आतापासूनच देवाचं नाव घेऊन राह्यले." बायकोला हा विनोद पहिल्यांदा ऐकला तेव्हा आवडला होता.

कॅमेऱ्याचं बटण दाबलं जायला आणि माझी पापणी पडायला एकच मुहूर्त लागतो. मी काही मुद्दाम करत नाही. एरवी मी डोळ्यांत तेल घालून राखण करणारा माणूस आहे, बाजारात तराजूचा काटा जरा हलला तरी मला दिसतो. पण समोर कॅमेरा आला की संपलं. हा आमचा खानदानी वारसा. बाबांचंही असंच होतं म्हणे. त्यांच्याकडून शेताचा तुकडा मिळाला तो काकांबरोबर वाटून घ्यावा लागला. ही पापणी मात्र सबंध माझ्याच वाट्याला आली, तिला हिस्सेदार कोणी निघाला नाही.

आमचं गाव अमडापूरच्या जवळ. इतकं जवळ की डोक्यावर टोपली घेऊन पायी बाजार करता येतो. बाबा मेथी, वांगी आणि सांबार लावायचे. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. आमच्याकडे सांबार मागितला की इडली येत नाही. मी पहिलीत असताना बाबा तापानं गेले. मला त्यांचा खांदा आठवतो, खांद्यावरून दिसणारा शेताचा बांध आठवतो, पण चेहरा आठवत नाही. हे मी कोणाला फारसं सांगत नसे. चेहऱ्यासाठी भिंतीवरचा फोटो होता, आणि खरी भानगड त्या फोटोचीच होती.

बाबांचा एकच फोटो निघालेला. कोण्या चुलतभावाच्या लग्नात, फेटा बांधून, रांगेच्या अगदी टोकाला उभे असताना. आणि अर्थातच डोळे मिटलेले. ते गेल्यावर काकांनी तो फोटो चिखलीच्या फोटोग्राफरकडे नेला. तो गृहस्थ फोटो मोठा करून द्यायचा आणि गरज असेल तिथे ब्रशनं डोळेही काढून द्यायचा. तेव्हा ही पद्धतच होती. पुष्कळांचा फोटो जितेपणी निघालेलाच नसायचा. मग माणूस गेल्यावर त्याला खुर्चीत बसवून फोटो काढत आणि नंतर त्यावर उघडे डोळे रंगवत. मिटल्या डोळ्यांचा माणूस भिंतीवर टांगायचा कसा?

पण या फोटोग्राफरला डोळ्यांची एकच जोडी येत होती. मोठे, काजळ घातल्यासारखे, किंचित वर बघणारे डोळे. त्यामुळे आमच्या पंचक्रोशीतले बहुतेक मेलेले लोक एकसारखेच बघायचे. पाटलांच्या वाड्यातली म्हातारी, पिठाच्या गिरणीवाल्याचा भाऊ, कीर्तनकार बुवा, आणि आमचे बाबा, सगळ्यांची नजर तीच. लहानपणी मला खात्रीच होती की माणूस वर गेला की तिकडे त्याचे डोळे जमा करून घेतात आणि सरकारी डोळे देतात, आम्हाला शाळेत पुस्तकं देत तसे.

मायचं मात्र या डोळ्यांशी कधीच जमलं नाही. ती रोज सकाळी फोटोवरची धूळ पदरानं पुसायची, पण पुसताना बघायची फेट्याकडे.

"हे तुह्या बाबाचे डोळे नाहीत," ती म्हणायची. "कोनाचे हायेत, त्या फोटूवाल्यालेच माहीत. परक्या मानसानं घरात पाहून राह्यल्यासारखं वाटते मले."

मग माझी हनुवटी धरून माझा चेहरा उजेडाकडे वळवायची. "हे पाय. हे हायेत त्यायचे डोळे. अस्सल."

गावातही सगळे तेच म्हणायचे. पोरगं रंगानं मायवर, नाकानं मामावर आणि डोळ्यांनी बापावर गेलं. मायनं त्यावरून एक बेत केला होता. माझा उघड्या डोळ्यांचा एक चांगला फोटो काढायचा, तो चिखलीला न्यायचा, आणि फोटोग्राफरला सांगायचं की यावरून बाबांचे डोळे दुरुस्त करून दे. बेत साधा होता. त्यात अडचण फक्त माझी होती.

मायनं मला दोनदा चिखलीच्या स्टुडिओत नेलं. दोन्ही वेळा मी झोपलेला निघालो. चौथीच्या वर्गाच्या फोटोत झोपलेला. जत्रेत पुठ्ठ्याच्या विमानात बसवून फोटो काढायचे, तिथेही बसवलं. त्या फोटोत विमान ढगात आहे आणि वैमानिक गाढ झोपेत. शेवटी फोटोग्राफर वैतागून म्हणाला, "वहिनी, मी दिवा लावला का हे पोरगं झोपते. मी काय करू?"

"मंग याच्याकडं पाहून काढ ना डोळे. समोर तर बसलं हाय."

"ते नाही जमत वहिनी. मी फोटूवरून फोटू करतो. जितं मानूस हालते."

वरून त्यानं हेही सांगितलं की त्याचे स्वतःचे डोळे आता अधू होत चालले आहेत, ब्रशचं काम यंदापुरतंच. पुढच्या वर्षापासून नुसते फोटो. माय त्या दिवशी बसमध्ये घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. मायला बोलायला माणूस भेटला की ती काम विसरते, बस चुकवते, दूध उतू जाऊ देते. ती गप्प बसली म्हणजे प्रकरण गंभीर असतं. मी तिच्या बाजूला बसून खिडकीच्या काचेत बघत डोळे ताणत होतो. मला माझ्या पापण्यांचा मनापासून राग आला होता.

त्या वर्षी मी सातवीत होतो. आमची शाळा सातवीपर्यंतच, म्हणून सातवीच्या वर्गाचा निरोपाचा फोटो निघायचा, आणि तो काढायला तोच चिखलीचा फोटोग्राफर मोटारसायकलवरून यायचा. मायनं ठरवलं, हाच शेवटचा डाव.

मग माझी तालीम सुरू झाली. माय पहाटे बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधायची. त्या ताज्या राहाव्यात म्हणून त्यांच्यावर पाणी मारायची. आता ती एक ओली जुडी उचलायची आणि न सांगता माझ्या तोंडासमोर झटकायची. पापणी हलली की, "हालली! पुन्हा." मी भाकरी खात असलो की मागून ताट वाजायचं. दारातून आत शिरलो की काकांची बॅटरी डोळ्यांवर. शेजारची काकू कागदाची पिशवी फुगवून कानाजवळ फोडायची. तिला खरं तर कोणी बोलावलेलं नव्हतं, पण चांगल्या कामात तिची मदत असायचीच. कोणी सांगितलं डोळ्यांत गुलाबपाणी घाल, कोणी सांगितलं एरंडेलाचं बोट फिरव. दोन्ही केलं. एरंडेलानंतर मला अर्धा दिवस सगळं जग तळलेलं दिसलं.

तालमीचा परिणाम झाला नाही असं नाही. मी पापणी न हलवता बघायला शिकलो. पण ते कसब नेमकं नको तिथे उघडं पडायचं. सातवीला आम्हाला जे वर्गशिक्षक होते, तेच पी.टी. शिकवायचे. उंच, आवाज खणखणीत, गळ्यात कायम शिट्टी. ते गणित विचारत असताना मी त्यांच्याकडे एकटक बघत राहिलो.

"काऊन बे, डोळे वटारून राह्यला काय माह्यावर?"

"नाही सर, सराव करून राह्यलो."

हे उत्तर खरं असलं तरी बरोबर नव्हतं. छडी बसली. छडी बसतानाही पापणी हलली नाही, याचा मला अभिमान वाटला आणि सरांना आणखी राग आला. दुसऱ्या दिवशी माय शाळेत गेली आणि तिनं सरांना सगळी हकिकत सांगितली. बाबांचा फोटो, परके डोळे, अधू होत चाललेला फोटोग्राफर, सगळं. सर बराच वेळ शिट्टीशी चाळा करत ऐकत राहिले. मग म्हणाले, "बाई, तुम्ही चिंता करू नका. हा शिस्तीचा प्रश्न हाय. मी सोडवतो."

सरांना जगातला कोणताही प्रश्न कवायतीनं सुटतो असं वाटायचं. त्यांनी शोधलेली युक्ती अशी: माणूस डोळे उघडे ठेवून वाट बघतो म्हणून त्याची पापणी पडते. आधीच मिटून ठेवले आणि ऐन वेळी उघडले, तर ते पुन्हा पडायच्या आत फोटो निघतो. आणि एकट्या मला हे जमणार नाही, तेव्हा सगळ्या वर्गानं करायचं. पहिली शिट्टी, मिटा. दुसरी शिट्टी, उघडा. सावधान-विश्रामसारखं. आठवडाभर प्रार्थनेनंतर सातवीचा वर्ग मैदानात उभा राहून डोळ्यांची कवायत करत होता. पाचवी-सहावीची पोरं खिडकीतून बघून लोळायची.

फोटोच्या आदल्या दिवशी मायनं माझा पांढरा सदरा नीळ घालून धुतला, पितळेच्या तांब्यात निखारे घालून इस्त्री केला आणि खुंटीला टांगला. सकाळी डोक्याला इतकं तेल लावलं की ते कानामागून मानेवर आलं. शाळेत पोचलो तर सगळ्याच डोक्यांवर सूर्य चमकत होता. सरपंचांच्या मुलीनं घरून पावडरचा डबा आणला होता. तिनं रांगेत एकेकाला पावडर लावली. चेहरे पांढरे, माना मूळच्या. पहिलीतलं एक पोर आम्हाला बघून रडायला लागलं.

मांडणी सरांनी ठरवली. उंचीप्रमाणे नाही, पायांप्रमाणे. पुढच्या रांगेतल्यांचे पाय फोटोत दिसतात म्हणून ज्यांच्याकडे बूट होते ते पुढे, चपला असलेले मध्ये, आणि अनवाणी सगळ्यांत मागे बाकावर. माझी चप्पल आदल्याच आठवड्यात तुटली होती. त्यामुळे वर्गातला सगळ्यांत उंच पोरगा बूट घालून पुढे गुडघे मुडपून बसला आणि मी, बुटका, मागच्या बाकावर. तरी समोरच्याच्या डोक्याआड जात होतो. माझ्या बाजूचा दोस्त म्हणाला, "अबे, तुहे डोळे उघडे असले काय आन मिटले काय, दिसून कोनाले राह्यले?" सरांनी दोन विटा मागवल्या आणि मला त्यांच्यावर उभं केलं. बाकावर विटा, विटांवर मी. खाली बघितलं की गरगरत होतं.

तेवढ्यात माय आली. त्या दिवशी बाजार होता, ती डोक्यावर मेथीची टोपली घेऊन निघाली होती आणि वाटेत शाळा होती. निदान तिनं सगळ्यांना सांगितलं तसं. तिनं टोपली लिंबाखाली ठेवली. मेथीवर झाकलेलं ओलं फडकं काढलं, माझ्यापाशी आली आणि त्या फडक्यानं माझ्या मानेवर ओघळलेलं तेल पुसलं. पावडरही थोडी पुसली गेली, सरपंचांच्या मुलीनं नाराजीनं बघितलं. मग माय फोटोग्राफरच्या मागे जाऊन उभी राहिली. फडकं तिच्या हातातच राहिलं. तिनं स्वतःचे डोळे मोठे करून मला दाखवले. असे ठेव, असे.

फोटोग्राफरला घाई होती. त्याला पुढे एका साखरपुड्याला जायचं होतं. सरांनी त्याला बजावलं, "आमचं सगळं शिट्टीवर हाय. शिट्टीवर दाबायचं."

"हाव सर, शिट्टीवर."

कोणत्या शिट्टीवर, हे सरांनी सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. आम्ही आठवडाभर तालीम केली होती, त्यामुळे आमच्या लेखी ती गोष्ट सगळ्या जगाला माहीत होती.

हेडमास्तर मधल्या खुर्चीत बसले. सर त्यांच्या शेजारी, शिट्टी ओठांत. मैदान शांत झालं. मी मायकडे बघत होतो. बघता बघता मला तिच्या मागे, लिंबाखाली, एक बकरी दिसली. टोपली उघडी होती. बकरीनं आधी इकडे-तिकडे बघितलं, मग मान टोपलीत घातली आणि एक अख्खी जुडी बाहेर ओढली. मायचं सगळं लक्ष माझ्याकडे, बकरीचं सगळं लक्ष मेथीकडे, आणि हे दोन्ही दिसणारा मैदानावर मी एकटा.

मी विटा विसरलो, कॅमेरा विसरलो, कवायत विसरलो.

"माय! बकरी!"

त्याच क्षणी सरांची पहिली शिट्टी वाजली. सगळ्या वर्गानं डोळे मिटले. हेडमास्तरांनी मिटले, शिस्त म्हणजे शिस्त. शिट्टी वाजवता वाजवता सरांनीही मिटले. आणि फोटोग्राफरनं, ठरल्याप्रमाणे, शिट्टीवर बटण दाबलं.

मग दुसरी शिट्टी झाली. सगळ्यांनी डोळे उघडले आणि फार सुंदर हसले. त्या हसण्याचा फोटो मात्र कुठेच नाही. फोटोग्राफर तोवर कॅमेरा पिशवीत घालत होता, आणि मी विटांवरून उडी मारून बकरीमागे धावत होतो.

माय माझ्यामागे आली. निम्मी टोपली वाचली. तिनं उरलेल्या जुड्या नीट लावल्या, वर फडकं घातलं आणि फोटोग्राफर मोटारसायकलला किक मारत होता तिथे जाऊन विचारलं, "भाऊ, याचे डोळे?"

"धुतल्यावर कळन वहिनी."

तिनं मान हलवली आणि टोपली उचलून बाजाराच्या वाटेला लागली. मी फाटकात उभा राहून तिच्याकडे बघत राहिलो. ओरडताना डोळे मिटले की उघडे होते, हे मला आठवेना. माझ्यामुळे गेलं, असंच मी धरून चाललो. त्या रात्री मी जेवलो नाही. मायनं कारण विचारलं नाही, नुसतं डोक्यावरून हात फिरवला. तेल अजून होतं.

फोटो आला तेव्हा सरांनी पाकीट वर्गातच उघडलं. बघितलं आणि खुर्चीत बसले. त्यांना बसलेलं आम्ही क्वचितच बघितलं होतं. फोटो हेडमास्तरांकडे गेला. ते चष्मा लावून, काढून, पुन्हा लावून म्हणाले, "हे कोनाच्या शोकसभेचं काढलं?" मग आम्हाला दाखवला. सगळा वर्ग, पांढरे चेहरे, काळ्या माना, डोळे मिटून. मधे हेडमास्तर समाधी लागल्यासारखे. सरांचे गाल फुगलेले, तोंडात शिट्टी, डोळे घट्ट बंद. कोणाला हसू येईना, कारण जो तो आधी स्वतःला शोधत होता आणि झोपलेला सापडत होता.

मग माझा दोस्त ओरडला, "सर, हा पाहा! हा जागा हाय!"

मागच्या रांगेत, सगळ्यांच्या डोक्यांवर, मी. तोंड वासलेलं, हात वर गेलेला, आणि डोळे असे उघडे की दोन्हीकडून पांढरं दिसावं. त्या फोटोत जागा माणूस मी एकटाच होतो. सरांनी फोटो हातात घेतला, पुन्हा बघितला आणि काय वाटलं कोणास ठाऊक, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "जाय. आत्ताच्या आत्ता मायले दाखवून ये. शाळा राहू दे."

मी पळत शेतात गेलो. मला आनंद झाला होता, पण धाकधूकही होती. उघडे तर होते, पण हे काय डोळे म्हणायचे? देवघराशेजारी टांगायच्या फोटोला कोणी असे डोळे लावतं का? माय वाफ्यात बसून मेथी उपटत होती. तिनं हात लुगड्याला पुसले, फोटो दोन बोटांनी कडेला धरला आणि तिनं मला शोधायच्या आधीच मी बोट ठेवून दाखवलं.

ती बघत राहिली. मग तिथेच बांधावर बसली. आधी तिचे खांदे हलले, मग ती मोठ्यानं हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. मी घाबरलो.

"काय झालं व माय? बिघडला का?"

"नाही रे लेका. असेच," ती म्हणाली. "अस्सेच पाहायचे ते माह्याकडं."

आणि मग तिनं जे सांगितलं ते मी पहिल्यांदा ऐकलं. लग्न होऊन ती नवीन आली तेव्हा विहिरीवर कोणी बाई भेटली की ती बोलत बसायची. मागे मेथीत बकरी शिरायची आणि हिला पत्ता नसायचा. बाबा पलीकडच्या बांधावरून बघायचे. माणूस फार बोलणारा नव्हता, ओरडायलाही त्यांना वेळ लागायचा. शब्द तोंडातून निघायच्या आधी डोळेच मोठे व्हायचे. माय ते डोळे बघायची आणि काही न विचारता मागे वळून धावायची.

"कधी रागावले नाहीत," माय म्हणाली. "नुसते असे डोळे करायचे. आन बकरी गेली का हसायचे. हसताना मिटायचे मंग."

मी तिच्याजवळ बसलो. ती बराच वेळ फोटो धरून होती. मला वाटतं माझे बाबा मला त्या दुपारी, त्या बांधावर पहिल्यांदा भेटले. त्याआधी ते माझ्यासाठी एक फेटा आणि एक खांदा होते.

चिखलीच्या फोटोग्राफरला मात्र हे डोळे पसंत नव्हते. मायनं दोन्ही फोटो त्याच्यासमोर ठेवले तेव्हा त्यानं भिंग लावून बघितलं आणि म्हणाला, "वहिनी, हे डोळे भेलेले हायेत. मेलेल्या मानसाले शांत डोळे पाहिजेत. लोक काय म्हनतीन?"

"लोकाईच्या घरात लावायचे हायेत का? तसेच काढ. पांढरं दिसते तेवढं दिसू दे."

त्यानं काढले. अधू नजरेनं, भिंगाखाली, त्याच्या सवयीच्या विरुद्ध. अगदी हुबेहूब नाही जमले. डावा जरा मोठाच झाला. पण शांत, वर बघणारे ते सरकारी डोळे गेले आणि त्यांच्या जागी बारा वर्षांच्या पोराचे, बकरी बघितलेले डोळे आले. फेटा बांधलेला गंभीर माणूस आणि त्याला हे डोळे. काका पहिल्यांदा घरात शिरले तेव्हा दारातच थबकून मागे वळून बघू लागले, आपल्या मागे काय आहे म्हणून. आजही नवीन माणूस हेच करतो. वीज मीटर बघायला आलेला पोरगा तर एकदा पायरीवरून खाली उतरला. शेजारची काकू अजून म्हणते की फोटो बिघडवला.

शाळेचा फोटो हेडमास्तरांनी कार्यालयात लावला नाही. सरांनी तो स्वतःच्या घरी नेला. पुढे कितीतरी वर्षांनी मी त्यांना भेटायला गेलो, तेव्हा तो त्यांच्या बैठकीत टांगलेला होता. मी काही विचारायच्या आत तेच म्हणाले, "पोरं माह्या शिट्टीवर डोळे मिटत, याचा पुरावा हाय तो."

आता माझी मुलगी सातवीत आहे. तिच्या शाळेत फोटो मोबाइलवर निघतात, पन्नास काढतात, आणि कोणाचे डोळे मिटले तर मोबाइलच उघडून देतो. परवा तिनं भिंतीवरच्या आजोबांचा मोबाइलनं फोटो काढला आणि आजीजवळ जाऊन बसली.

"आजी, आबा किती घाबरलेले दिसतात. मी याच्यात शांत डोळे लावून देऊ? एका मिनिटात होईल."

"खबरदार," माय म्हणाली. "हात लावशील तर."

मायचं वय झालं आहे. शेत मी बघतो, आणि बाजाराला जायची आता गरज नाही असं आम्ही तिला सांगून थकलो. ती तरी बाजाराच्या दिवशी थोड्या जुड्या बांधतेच. तिथे तिला बोलायला माणसं भेटतात, खरं कारण ते आहे. कालही निघाली. टोपली उचलली, चप्पल घातली, उंबऱ्यापर्यंत गेली आणि नेहमीसारखी थांबली. वळून भिंतीकडे बघितलं. बाबा तसेच बघत होते, डोळे मोठे करून, तिच्या मागे कुठेतरी.

माय परत आली. खुंटीवरचं ओलं फडकं काढून टोपलीवर नीट पसरलं, चारी बाजूंनी खोचलं.

"हाव, हाव," ती फोटोला म्हणाली. "झाकली मेथी."